नक्त, नाइट आणि हरवलेली पहाट

‘नाइट’च्या स्पेलिंगमधल्या ‘जी-एच’वर अडखळला नाही असा मराठी विद्यार्थी विरळाच. बोलताना जे नाही, ते लिहायचं कशाला? शाळेत याचं उत्तर ‘ते सायलेंट आहे’ एवढंच मिळायचं. खरं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी सापडलं, तेही घरातल्याच एका शब्दात. आई श्रावणी सोमवारी नक्त करायची. दिवसभर उपास, आणि जेवण रात्र पडल्यावर. संस्कृतात ‘नक्तम्’ म्हणजे रात्री. लॅटिनचा ‘नोक्स’, ग्रीकचा ‘न्युक्स’, जर्मनचा ‘नाख्ट’ आणि इंग्रजीचा ‘नाइट’ हे सगळे या नक्ताचे सख्खे भाऊ आहेत.

इंग्रजी आणि जर्मन ज्या शाखेच्या, त्या शाखेत मूळच्या ‘क’ची धार गेली आणि तो घशातून येणाऱ्या ‘ख’सारखा झाला. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘निह्त’ असा लिहीत आणि त्यातला ‘ह’ स्पष्ट ऐकू येई. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर लेखनाचं वळण बदललं, आणि पुढच्या काळात त्या ध्वनीसाठी ‘जी-एच’ ही जोडी रूढ झाली. मग उच्चारही मावळला, पण अक्षरं जागची हलली नाहीत. म्हणजे ते ‘जी-एच’ आपल्या नक्तातल्या ‘क’ची समाधी आहे. हे कळल्यापासून मला ते कधी निरर्थक वाटलेलं नाही.

याच शब्दाबद्दल एक गोष्ट हौसेनं सांगितली जाते. इंग्रजीत ‘एट’ आणि ‘नाइट’, जर्मनमध्ये ‘आख्ट’ आणि ‘नाख्ट’, इटालियनमध्ये ‘ओत्तो’ आणि ‘नोत्ते’. तेव्हा आठाच्या आकड्याला ‘न’ जोडला की रात्र होते, आणि त्यात काही गूढ आहे म्हणे. गूढ काही नाही. दोन वेगळे शब्द त्या भाषांमध्ये एकाच वाटेनं झिजत गेले, म्हणून ते जुळे दिसतात. संस्कृतानं त्यांचा वेगळेपणा जपला आहे. तिथे रात्र ‘नक्त’ आहे आणि आठ ‘अष्ट’.

आठाचा आणि रात्रीचा खरा संबंध पाहायचा तर वेल्श भाषेत जावं. वेल्शमध्ये आठवड्याला ‘विथनोस’ म्हणतात. ‘विथ’ म्हणजे आठ, ‘नोस’ म्हणजे रात्र. सात दिवसांच्या मुदतीचं नाव आठ रात्री! आणि हे वाचून हसावं, तर आपला ‘आठवडा’ तरी काय आहे? सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोकं धरून मोजलं की आठ भरतात. बोटांवर मोजणारा माणूस असंच मोजतो. वेल्शमध्ये दोन आठवड्यांना ‘पंधरा रात्री’ अशा अर्थाचा शब्द आहे, आपल्याकडे पंधरवडा आहे. अर्थात आपल्या पंधरवड्याला पक्षाच्या पंधरा तिथींचाही आधार आहे.

इंग्रजांनी मात्र नेमक्या चौदा धरल्या. ‘फोर्टनाइट’ म्हणजे ‘चौदा रात्री’ या दोन जुन्या शब्दांचा आक्रसलेला जोड. त्याचा धाकटा भाऊ ‘सेनिट’, म्हणजे सात रात्री, शेक्सपिअरच्या नाटकांत आहे, जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतही आहे, पण आज बोलण्यातून गेला. ‘फोर्टनाइट’ ब्रिटनमध्ये आणि आपल्या सरकारी कागदांत टिकला. अमेरिकेत तो फारसा ऐकू येत नाही.

पण दिवस सोडून रात्री का मोजायच्या? रोमन इतिहासकार टॅसिटसनं इ.स. ९८च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहिलं, त्यात ही सवय नोंदवली आहे: हे लोक दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, त्यांच्या लेखी रात्र आधी येते. त्याच्याही आधी सीझरनं गॉल लोकांबद्दल हेच लिहिलं होतं. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला उजाडतो. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. त्यांचा दिवस तिन्हीसांजेला सुरू व्हायचा. म्हणून जुन्या इंग्रजीत ‘रविवारची संध्याकाळ’ म्हटलं की ती आपल्या हिशेबानं शनिवारची संध्याकाळ असे. जर्मनीच्या उत्तर भागात आजही शनिवारला ‘झोनआबेंड’, म्हणजे रविवारची संध्याकाळ, म्हणतात. ‘ख्रिसमस ईव्ह’मधला ‘ईव्ह’ तोच. आपण त्याचा अर्थ ‘आदला दिवस’ असा लावतो, पण मुळात ती आदली संध्याकाळ नव्हतीच, तो सणाचा पहिला प्रहर होता. हॅलोवीनच्या शेवटाला हाच ‘ईव्हन’ झिजून बसला आहे.

रात्रीचा आणखी एक शब्द आपण दंगलींच्या बातम्यांतून ओळखतो: कर्फ्यू. फ्रेंचमध्ये तो ‘विस्तव झाका’ असा होता. लाकडी घरांच्या गावात रात्री घंटा वाजे, आणि घरोघर चुलीतले निखारे राखेखाली झाकले जात, म्हणजे आग लागायची नाही आणि सकाळी विस्तवही हाताशी असेल. आपल्याकडेही चुली होत्या तोवर निजण्यापूर्वीचं शेवटचं काम हेच असे. घर जपण्याच्या या शब्दावर पुढे बंदुकीची सावली पडली, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती मात्र एका मेलेल्या शब्दाची. जुन्या इंग्रजीत ‘ऊख्ता’ असा शब्द होता. रात्रीचा शेवटचा भाग, उजाडण्यापूर्वीचा अंधार. वेदांतल्या ‘अक्तु’शी त्याचं नातं आहे, म्हणजे तोही नक्ताच्याच कुळातला. मठातले साधू या वेळी उठून जी प्रार्थना गात, तिचं नावही याच शब्दावरून पडलं होतं. एक्सेटर इथल्या हस्तलिखितात नवऱ्यापासून तुटलेल्या एका स्त्रीचं विलापगीत आहे. त्यात या वेळेला चिंतेचा शब्द जोडून एक समास केला आहे: झोप उडालेल्या माणसाला उजाडण्याआधी घेरणारी काळजी. जुन्या इंग्रजीच्या उरलेल्या साहित्यात तो एवढ्या एकाच ठिकाणी सापडतो.

आज इंग्रजीत उरलाय तो ‘डॉन’. पण त्याचं मूळ ‘डे’ या शब्दात आहे, ‘दिवस होणं’ हा त्याचा अर्थ. त्याची नजर उजेडाकडे लागलेली. आपली पहाट तशी नाही. तिच्यात अंधार असतो, काकडआरती असते, जात्याची घरघर असे. झुंजूमुंजू व्हायला लागलं की ती सरते. मी कधी मराठी कथा इंग्रजीत नेतो, तेव्हा ‘पहाटे चारला’ या दोन शब्दांपाशी हात थांबतो. ‘फोर इन द मॉर्निंग’ लिहितो. घड्याळाच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं, पण वाक्यात उठून बसलेली बाई त्या अंधारातून उचलून सकाळीच नेऊन ठेवल्यासारखी होते. तिच्या वेळेचा शब्द त्या भाषेपाशी हजार वर्षांपूर्वी होता.