मडके कोणाचे, गुन्हा कोणाचा?

दारूचा विषय निघाला की आपण कार्यकर्ते तो एका वाक्यात संपवतो. दारू वाईट, ती सोडली पाहिजे. हे खरेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती मी पाळतो. परंतु दारू पिणे हा एक प्रश्न आहे. घरात दारू करणाऱ्याला गुन्हेगार कोणी, केव्हा आणि का ठरवले हा दुसरा. पहिल्याच्या आड आपण दुसरा झाकून टाकतो.

डोंबिवलीतले माझ्या ओळखीचे एक सुशिक्षित गृहस्थ घरी बिअर करतात. जवाचे माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि झाकणाची एक बादली. दुकानापेक्षा स्वस्त पडते, असे ते कौतुकाने सांगतात आणि ऐकणारेही कौतुकानेच ऐकतात. याला छंद म्हणतात. तिथून खाडीकडे उतरले की गूळ आणि नवसागर घालून रसायन आंबवणाऱ्या बाईच्या पिंपाला मात्र हातभट्टी म्हणतात. बिअर नुसती आंबवतात, हातभट्टीची दारू आंबवून वर गाळतात, म्हणून ती अधिक कडक. हा फरक खरा. पण १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाचे कलम ६५ हा फरक मानत नाही. परवान्याशिवाय कोणतेही मादक पेय तयार करणे, इतकेच नव्हे तर त्यासाठी भांडी व माल बाळगणे हाही त्यात गुन्हाच आहे. कलम एक, बादली आणि पिंप दोन. छापा कुठे पडतो हे मी सांगायला नको.

हा भेद जुना आहे. ठाणे जिल्ह्यातले वारली, ठाकूर, कातकरी मोहाची फुले वेचीत, टंचाईत खात आणि सणासुदीला, लग्नाकार्याला त्यांचीच दारू गाळीत. भंडारी माड छेदून माडी काढीत. सरकारला यात उत्पन्न दिसले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि घरची, गावची भट्टी बेकायदा ठरली. गाळण्याचा हक्क मक्तेदाराकडे आणि मोठ्या कारखान्यांकडे गेला. मोहाच्या दारूचे असे कारखाने उरणला होते. झाडांवर कर बसला. तरीही रानात मोह फुलतच होता, म्हणून १८९२ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा केला गेला. रानात पडलेले फूल घरात साठवणे हा संशयाचा विषय झाला! हे दारू सुटावी म्हणून झाले नाही. माणसाने स्वतःच्या मडक्यातली न पिता सरकारी करासह विकत घ्यावी, म्हणून झाले.

बाबासाहेबांनी हे गणित अचूक ओळखले होते. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात त्यांनी दाखवून दिले की, सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. ज्याला प्रकृतीचे कारण दाखवता येई त्याला परमिट मिळे; ज्याला दाखवता येत नसे त्याला कोठडी मिळे. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्याने या दारूबंदीला स्पष्ट विरोध केला. दारू हा घरगुती धंदा झाला आणि ती बायकापोरांपर्यंत पोचली, हे त्यातले एक कारण होते. स्वतः निर्व्यसनी असलेला नेता हे म्हणतो यात विसंगती नाही. व्यसन सोडणे हा माणसाच्या स्वाभिमानाचा निर्णय आहे. तो पोलिसाच्या दंडुक्याने होत नाही.

बंदी पुढे सैल झाली ती कोणासाठी? १९७३ साली देशी दारूचे नियम आले. साखर कारखान्याच्या मळीपासूनची दारू परवान्याने बाटलीत गेली; गुळाचे पिंप गुन्ह्यातच राहिले. दिवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या खाडीत खारफुटीच्या आडोशाने भट्ट्या पेटत राहिल्या. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे हा धंदा विधवा आणि टाकलेल्या बायकांच्या गळ्यात पडलेला होता. भांडवल थोडे लागे आणि दुसरे काम मिळत नसे. हप्ता त्या देत, शिव्या त्या खात आणि त्यांच्याच पैशांतून काही मुलांची शाळेची फी भरली जाई. त्याच दारूने शेजारच्या घरांची राखही होई. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०१५ साली मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल हे कारखान्यातले विष, ते मोहातून आले नव्हते.

आणि २००९ साली गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी पुण्यात डूलाली ही लघु-ब्रुअरी सुरू झाली. कारागिरीची बिअर आज प्रतिष्ठेची आहे. मोह गाळणाऱ्या कातकरणीच्या हातात कारागिरी नव्हती काय?

मी दारूची बाजू मांडत नाही. मला इतिहासाची बाजू मांडायची आहे. या बायकांची नावे अबकारी खात्याच्या नोंदवह्यांत आरोपी म्हणून आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. ठाणे-कल्याणच्या आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या दारी जाऊन, त्या हयात आहेत तोवर, त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. व्यसनमुक्तीचे काम जोमाने करावेच. पण ते करताना सरकारने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का आपल्या हाताने पुन्हा मारू नये.