टिग: कमिटचा इतिहास टर्मिनलमध्ये कसा पाहावा?

टिग हा गिटमधील कमिटचा इतिहास टर्मिनलमध्येच पाहण्यासाठीचा छोटा, मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केले. त्यानंतर लवकरच जोनास फोन्सेका यांनी टिग लिहिले. नावात मोठे गूढ नाही, गिटची अक्षरे उलटी वाचली की टिग होते.

टिग स्वतः कोणताही इतिहास साठवत नाही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये गिटने जे नोंदवून ठेवले आहे, तेच तो वाचायला सोपे करून दाखवतो. त्यामुळे टिग काढून टाकला तरी एकही कमिट जात नाही.

इन्स्टॉल कसे करावे?

उबुंटू किंवा डेबियनवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टिग’, फेडोरावर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल टिग’ आणि मॅकवर होमब्रू असल्यास ‘ब्रू इन्स्टॉल टिग’ ही कमांड पुरते. (टाइप करताना अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरायची.) विंडोजवर ‘गिट फॉर विंडोज’ घेतले असेल तर टिग त्यासोबतच येतो, गिट बॅश उघडून वापरता येतो.

सोर्स कोडवरून टिग तयार केल्यास तो सहसा वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधील ‘बिन’मध्ये जातो. आधी एपीटीने घेतलेली प्रतही असेल, तर एकाच संगणकावर दोन टिग होतात आणि अपडेट करूनही जुनीच आवृत्ती उघडते. अशा वेळी ‘विच टिग’ विचारावे, म्हणजे कोणती प्रत चालते ते कळते. एपीटीने टिग काढला तरी होम फोल्डरमधील ‘डॉट टिगआरसी’ ही सेटिंगची फाइल मागे राहते; नको असेल तर ती हाताने पुसावी लागते.

वापरताना

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘टिग’ लिहिले की कमिटची यादी दिसते. एंटर दाबल्यावर त्या कमिटमधले बदल उघडतात, ‘एच’ने मदत मिळते, ‘क्यू’ने बाहेर पडता येते. ‘एस’ दाबल्यावर मात्र जपून. तिथे अजून कमिट न केलेले बदल दिसतात आणि उद्गारचिन्हाची कळ ते बदल रद्द करते. टिग आधी खात्री विचारतो, पण घाईत ‘वाय’ दाबले गेले तर ते काम सहसा परत मिळत नाही.

यादीत एकच कमिट दिसला तर टिग बिघडला असे समजू नये. प्रकल्प ‘डेप्थ १’ देऊन उतरवला असेल, तर मागचा इतिहास संगणकावर आलेलाच नसतो. ‘गिट फेच’ला ‘अनशॅलो’ हा पर्याय दिल्यावर तो येतो.

आकडे काय सांगतात?

कोणी किती कमिट केले हे ‘गिट शॉर्टलॉग’ मोजून देते. अनेक जण हा आकडा कामाचे मोजमाप म्हणून वापरतात, आणि तिथेच अन्याय होतो. घरच्या व ऑफिसच्या संगणकावर वेगळे नाव किंवा ईमेल असले, तर एकच व्यक्ती यादीत दोन वेळा येऊ शकते. ‘डॉट मेलमॅप’ फाइलमध्ये जोडी लिहून ठेवल्यास नोंदी एकत्र होतात. काही संघांत वीस कमिट दाबून एक करण्याची पद्धत असते. दोन दिवस शोधून सापडलेली चूक एका ओळीत दुरुस्त होते, तिचाही कमिट एकच.

तारखांचेही तसेच. प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात: कोड मुळात लिहिल्याची आणि तो कमिट तयार झाल्याची. रिबेस केल्यावर पहिली तशीच राहते, दुसरी बदलते. ‘गिट लॉग’ पडद्यावर पहिली दाखवते, पण ‘सिन्स’ पर्याय दुसरी पाहून निवड करतो. म्हणून ‘या आठवड्यातील’ कमिट मागितल्यावर मार्चमधला कमिटही जूनच्या यादीत येऊ शकतो. ‘प्रिटी’ पर्यायाला ‘फुलर’ हे मूल्य दिले की दोन्ही तारखा शेजारी दिसतात.