बाईकवर कानात घुमणारा वारा : ऐकण्याची ताकद कशी वाचवायची?

वाशिमहून अकोला साधारण 80 किलोमीटर. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणून क्लास, नोकरी, दवाखाना, सगळ्यासाठी आपली बाईक अकोला–वाशिम–हिंगोली रस्त्यावरच धावते, आणि रस्ता रुंद झाल्यापासून काटा 80-90 वर सहज जातो. घरी पोचल्यावर हेल्मेट काढलं की कानात बारीक "टीssss" वाजतं. मी हे कितीतरी महिने थकवा समजत होतो. तो थकवा नव्हता, कानांवर ताण पडल्याची खूण होती.

आवाज इंजिनाचा नाही

साधारण 60 च्या पुढे कानाशी पोचणारा मुख्य आवाज इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा नसतो, वाऱ्याचा असतो. हवा हेल्मेटवर आदळते, कडेवरून सुटताना तिचे भोवरे होतात, आणि हनुवटीखालच्या उघड्या जागेतून तो गडगडाट आत शिरतो. वेग दुप्पट झाला की हा आवाज साधारण 15 ते 18 डेसिबलने वाढतो. हेल्मेट घातलेल्या चालकाच्या कानाशी मोजमापं झाली आहेत. त्यांत 60-65 च्या वेगाला 90 डेसिबलच्या आसपास आणि 100 च्या पुढे 100 हून जास्त आकडे मिळाले. हेल्मेट आणि बाईकप्रमाणे यात फरक पडतो.

डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा अशी आहे : 85 डेसिबल दिवसाला 8 तास, 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास, 100 ला फक्त 15 मिनिटं. आता आपला हिशोब लावा. 70 च्या वेगाने अकोल्याला जाऊन-येऊन सव्वादोन तास लागतात. म्हणजे दिवसाचा कोटा त्या प्रवासातच संपला. वर रात्री लग्नाचा डीजे असेल तर बोलायलाच नको.

कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी बारीक, उंच स्वरांचं होतं. त्यामुळे ऐकू येतं, पण गर्दीत "स", "श", "फ" नीट कळत नाहीत आणि आपण "काय म्हनलं?" विचारत राहतो.

ईअरफोन हा उपाय नाही

बरेच जण ईअरबड घालून निघतात. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवतात, म्हणजे वारा अधिक गाणं असा दुहेरी मारा होतो. शिवाय लक्षही रस्त्यावरून उडतं. नॉइज कॅन्सलेशनवालेही कामाचे नाहीत. त्यांचा बाहेरचा मायक्रोफोन वाऱ्यानेच गोंधळतो, आणि किती संरक्षण मिळतं याचा प्रमाणित आकडा बहुतेकांवर नसतो.

फोनमधलं डेसिबल ॲप चालत्या बाईकवर लावून बघू नका. हवा थेट मायक्रोफोनच्या पडद्यावर आपटते आणि आकडा खोटा येतो. खिशात ठेवलेला फोन कानाशी काय चाललंय ते सांगू शकत नाही.

काय चालतं

फोमचे ईअरप्लग. स्वस्त असतात. पाकिटावर एनआरआर नावाचा आकडा बघा. 29 लिहिलं असेल तर प्रत्यक्षात 29 कमी होतील असं नाही. त्यातून 7 वजा करा आणि निम्मे करा, म्हणजे 11. 95 चे 84 झाले, तरी पुष्कळ.

घालायची पद्धत महत्त्वाची, कारण अर्धवट घातलेला प्लग म्हणजे नसल्यासारखाच. हात धुवा. प्लग बोटांत फिरवून बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला तर नीट बसला. कापसाचा बोळा या कामाला पुरत नाही.

"हॉर्न ऐकू येईल का?" हा प्रश्न सगळे विचारतात. प्लगमुळे वारा आणि हॉर्न दोन्ही कमी होतात. त्यामुळे हायवेवर वाऱ्याखाली दबणारा हॉर्न प्लगमुळे आणखी दबतो असं नाही. मालेगाव, रिसोडच्या बाजारात मात्र वेग कमी असतो, तिथे थांबून काढून ठेवा.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, फुल-फेस आणि गालाला घट्ट बसणारं हवं. उन्हाळ्यात आपण तोंडाला दुपट्टा बांधतोच. तो मानेभोवती नीट खोचला तर खालची फटही बुजते. बाईकला पुढे काच लावली असेल तर तिच्या कडेवरून सुटलेली हवा नेमकी हेल्मेटवर येत नाही ना, ते तपासा. मोकळ्या रस्त्यावर डोकं थोडं खाली घेतल्यावर आवाज एकदम बदलला, तर काचेची उंची चुकलीय. आणि सगळ्यात फुकटचा उपाय म्हणजे 90 ऐवजी 70. अकोल्यापर्यंत पंधरा मिनिटं जास्त लागतात, बस्स.

कान वाहत असेल, दुखत असेल तर प्लग घालू नका. टीssss आवाज दुसऱ्या दिवशीही राहिला किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा आणि ऑडिओमेट्री करून घ्या. नुसता अंदाज हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं हिअरहू हे मोफत ॲप आहे. त्यात खरखरीतून बोललेले आकडे ओळखायचे असतात. शांत खोलीत, हेडफोन लावून, प्रवासानंतर लगेच नाही तर सकाळी करा.