हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, वेळ वेगळा

ताशी ८५० कि.मी. वेगाने जाणाऱ्या विमानाला ७,८०० कि.मी. अंतर कापायला किती वेळ लागेल? विद्यार्थी भागाकार करतील आणि सुमारे नऊ तास असे उत्तर देतील. फिनलंडमधील हेलसिंकी आणि जपानमधील टोकियो यांच्यातील अंतर साधारण तेवढेच आहे. पण आज या प्रवासाला सुमारे तेरा तास लागतात. भागाकार तर बरोबर आहे. मग जादा चार तास आले कोठून?

प्रथम अंतर पाहू. भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेषा कझाकस्तान व मंगोलियावरून जाते. आता पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरू. तो उत्तरेकडे सरकतो, सैबेरियावरून जवळजवळ ६७ अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि मग टोकियोकडे उतरतो. गोलावर हाच सर्वांत जवळचा मार्ग. ज्या वर्तुळाचा तो भाग असतो त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात.

हा मार्ग मात्र शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाच्या आकाशातून जात होता आणि पाश्चात्त्य विमानांना तो सहसा बंद असे. त्यामुळे युरोपातील विमाने पश्चिम आशिया, भारत, आग्नेय आशिया अशी थांबत थांबत जपानला पोहोचत. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून ध्रुवप्रदेशावरून, अलास्कातील अँकरेजला थांबून, टोकियोची सेवा सुरू केली. ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचे राहत नाही, रेखांशही एकत्र येतात. म्हणून दिशेसाठी जायरोस्कोपचा आधार घ्यावा लागला.

१९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी-टोकियो विमान मध्ये न थांबता नेले. ते उत्तर ध्रुव आणि बेरिंगची सामुद्रधुनी असा वळसा घेई. गोलावर मोजले तर हा मार्ग सुमारे १०,७०० कि.मी. भरतो. ८५० ने भागून पाहा, जवळजवळ तेरा तास येतात. त्याच वर्षी, १ सप्टेंबरला, अँकरेजहून सोलला निघालेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. नकाशावरची हद्द आकाशातही किती खरी असते, हे जगाला तेव्हा कळले.

पुढे सैबेरियाचे आकाश हळूहळू खुले झाले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि प्रवास नऊ-दहा तासांवर आला. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियानेही तसेच केले. फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाकडे किंवा दक्षिणेकडून वळसा घेऊ लागली. चाळीस वर्षांत विमाने सुधारली, तरी घड्याळ १९८३ च्या आकड्यावर परतले!

तेव्हा नऊ तास हे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याचे गणित चुकलेले नाही. त्याला पृथ्वीगोल आणि दोरा द्यावा, रशियाचे आकाश बंद आहे असे सांगावे आणि नवा मार्ग शोधायला लावावा. भूगोल, गणित आणि इतिहास हे तीन तास एकाच दोऱ्यात ओवले जातील.