झार, वारे आणि ध्वनिमुद्रण : कैरो व बीड यांच्या संदर्भात एक विचार

विद्युत् संगीताचा इतिहास लिहिताना बहुतेक लेखक १९४८ सालापासून आरंभ करतात. त्या वर्षी पॅरिसच्या नभोवाणीवर पिएर शेफर याने आगगाड्यांच्या ध्वनींची जुळणी करून एक रचना सादर केली, आणि पुढे १९५२ मध्ये आपल्या पद्धतीचे विवेचन करणारा ग्रंथही प्रसिद्ध केला. परंतु त्याच्या चार वर्षे आधी, १९४४ साली, कैरो येथे हलीम अल-दब या तरुणाने तारेवर मुद्रित केलेल्या ध्वनींवर संस्करण करून एक रचना सिद्ध केली होती व ती तेथील एका कलादालनात ऐकविलीही होती. तिचा आधार होता 'झार' हा विधी. म्हणजे मनाने व्याकुळ झालेल्या माणसास, विशेषतः स्त्रीस, ताल व नृत्य यांच्या साहाय्याने स्वस्थ करण्याचा इजिप्तमधील लोकविधी. विद्युत् संगीताच्या अगदी आरंभीच्या रचनांपैकी एक मनोव्यथेच्या उपचारातून निघाली, ही गोष्ट संगीताच्या अभ्यासकांस कुतूहलाची वाटेल. बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशाचा सांस्कृतिक इतिहास अभ्यासणारांस मात्र तिचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. अंगात येण्याचे विधी आपल्याकडे अद्याप चालू आहेत. त्यांचे मुद्रण करण्याची साधने आता घरोघरी आहेत. आणि अशा मुद्रणात काय टिकते व काय गळून पडते हा प्रश्न कैरोच्या त्या रचनेने प्रथम उभा केला. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम झारचे स्वरूप पाहू. हा विधी मूळचा इथिओपियाच्या बाजूचा, आणि एकोणिसाव्या शतकात तो सुदान व इजिप्त येथे रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. विधी चालविणाऱ्या स्त्रीस इजिप्तमध्ये 'कुदिया' म्हणतात. डफ, दरबुका, तंबुरा नावाचे तंतुवाद्य आणि बकऱ्यांच्या खुरांचा 'मंगूर' नावाचा खुळखुळणारा कमरपट्टा ही त्यातील प्रमुख वाद्ये. प्रत्येक झारचा, म्हणजे अंगात येणाऱ्या शक्तीचा, ताल वेगळा व गीतही वेगळे. कुदिया एकामागून एक ताल वाजवून पाहते. ज्या तालास आजारी स्त्रीचे शरीर प्रतिसाद देते, त्यावरून तिला कोणी पछाडले आहे याचे निदान होते. मग त्या शक्तीची मागणी विचारली जाते. अंगठी, नवे वस्त्र, बळीचा प्राणी, घरच्यांकडून सौम्य वागणूक, असे तिचे स्वरूप असते. झारला हाकलून देणे हा विधीचा हेतू नसतो. त्याच्याशी सलोखा करून आयुष्यभर निभावून नेणे, हा असतो.

अल-दब हा १९२१ साली कैरोत जन्मला आणि कृषिअभियांत्रिकी शिकला. पियानोबरोबरच दरबुका हे वाद्यही तो वाजवीत असे. कैरोच्या एका नभोवाणी केंद्राकडून त्याने तारेवर ध्वनी मुद्रित करणारे यंत्र मिळविले व एका झारविधीचे मुद्रण केले. फीत अद्याप सर्वत्र पोहोचली नव्हती. चुंबकीय तारेवर ध्वनी उतरविणे हेच त्या काळचे सुलभ साधन होते. मुद्रणानंतर त्याने जे केले ते महत्त्वाचे आहे. प्रतिध्वनिकक्ष, हलविता येणाऱ्या भिंती, विद्युत्दाबाचे नियंत्रण आणि पुनर्मुद्रण यांच्या योगे त्याने मूळ ध्वनीतील पायाभूत स्वर काढून टाकले व वरचे सूक्ष्म उपस्वर तेवढे राखले. परिणामी शब्द अस्पष्ट झाले, ताल विरघळला, आणि स्त्रियांच्या कंठांतून निघालेला एक दूरस्थ, कंप पावणारा नाद उरला. मूळ रचना दीर्घ होती; 'वायर रेकॉर्डर पीस' या नावाने तिचा सुमारे दोन मिनिटांचा अंश आज उपलब्ध आहे. तो २००० साली ध्वनितबकडीवर प्रसिद्ध झाल्यानंतरच जगातील अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. मधल्या काळात अल-दब १९५० मध्ये अमेरिकेस गेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन विद्युत् संगीत केंद्रात त्याने १९५९ साली नव्या रचना केल्या, पुढे केंट राज्य विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले, आणि २०१७ साली तो वारला.

कलाकृती म्हणून या रचनेचे मूल्य निर्विवाद आहे. तिच्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहू लागताच मात्र एक अडचण उभी राहते. झारविधीत निदानाचा आधारच ताल होता. रचनेत तोच पुसला गेला. कोणत्या तालावर कोण स्त्री हलली, तिने काय मागितले, घरच्यांनी काय कबूल केले, यांपैकी काहीही त्या ध्वनीवरून कळत नाही. व्यथेचा नाद राहिला आणि व्यथित व्यक्ती मात्र नाहीशी झाली. अल-दबचा हेतू विधीची नोंद करण्याचा नव्हता, त्यामुळे हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. तथापि ध्वनिमुद्रण म्हणजे घटनेची जशीच्या तशी प्रत, अशी जी आपली सहज समजूत असते, तिला या उदाहरणाने चांगलाच तडा जातो.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. झारशी आपल्या विधींचे वंशनाते जोडण्याचा येथे उद्देश नाही. दोहोंच्या रचनेतील साम्य तेवढे विचारात घ्यावयाचे आहे. सुदानात झारच्या शक्तींना 'तांबडा वारा' असे नाव आहे. मराठवाड्यातही देवी अंगात आली म्हणजे 'वारे आले' असेच म्हणतात. दोन परस्परांपासून दूर असलेल्या भाषांनी एकाच अनुभवास एकच शब्द द्यावा, हे लक्षणीय होय. अंबाजोगाईची योगेश्वरी आणि शेजारच्या जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी यांच्या उपासनेत गोंधळी व आराधी यांच्या संबळ, तुणतुणे व झांज यांचे स्थान सर्वांस परिचित आहे. संबळीच्या दोन मडक्यांपैकी एकाचा ध्वनी खोल व दुसऱ्याचा टणक. लय वाढत जाते तसतसे वारे येते. पोतराजाच्या हलगीवरही तेच घडते. वारे आलेल्या स्त्रीस 'कोण आहेस, काय पाहिजे' असे विचारले जाते, आणि साडीचोळी, नैवेद्य, नवसाची फेड किंवा घरातील एखाद्या अन्यायाची दाद, असे मागणे पुढे येते.

परंतु एक भेद विसरून चालणार नाही. आपल्याकडे देवीचे वारे व भुताची बाधा या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. वाऱ्याला मान मिळतो. बाधा मात्र उतरवावी लागते. आष्टी तालुक्यातील सावरगाव येथील मच्छिंद्रनाथांचे मायंबा हे स्थान आणि जवळच अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी येथील कानिफनाथांचे स्थान या गर्भगिरीच्या परिसरातील नाथस्थानांकडे अशी पीडित माणसे पिढ्यान् पिढ्या येत आली आहेत. सलोख्याचा विधी आणि हकालपट्टीचा विधी यांतील अंतर रुग्णाच्या दृष्टीने फार मोठे असते. पहिल्यात त्याचे म्हणणे ऐकले जाते. दुसऱ्यात त्याच्या तोंडून बोलणारा हा शत्रू ठरतो, आणि मारहाणीस वाव मिळतो तो येथेच.

वैद्यकाने या विषयाची दखल घेतली ती गेल्या साठ वर्षांत. कैरोचे मनोविकारतज्ज्ञ अहमद ओकाशा यांनी १९६६ साली झारचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६७ मध्ये जॉन केनेडी यांनी न्युबियातील झारविधी ही एक प्रकारची मानसोपचारपद्धती आहे, असे प्रतिपादन केले. १९९४ च्या अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणात 'झार' हा शब्द संस्कृतिविशिष्ट अवस्थांच्या यादीत आला. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर फलटण येथील महानुभाव मंदिरात व्हीडा स्कल्टान्स यांनी केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला व तो विशेष मननीय आहे. त्यांना असे आढळले की, घरातील आजारी माणसाबरोबर आलेली आई किंवा पत्नी हीच पुष्कळदा घुमू लागते; दुखणे आपल्या अंगावर यावे व घरातले माणूस बरे व्हावे, असे तिचे मागणे असते. अर्थात जिच्या अंगात येते तीच रुग्ण, हे आपले गृहीतकही तपासून घ्यावे लागते. केवळ आवाजाच्या मुद्रणावरून हा उलगडा कधीच झाला नसता.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मृत्यू पावले. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यावर, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधून ठेवणे व मारहाण करणे हा त्यान्वये अपराध आहे. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. अपस्मार किंवा तीव्र मनोविकार यांवर औषधोपचार उपलब्ध असताना रुग्णास वर्षानुवर्षे देवस्थानात ठेवल्याने होणारी हानी कोणत्याही सांस्कृतिक युक्तिवादाने भरून निघत नाही. अंबाजोगाईत योगेश्वरीचे मंदिर आहे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आणि एकच कुटुंब या दोन्ही ठिकाणी जाते, हे वास्तव अभ्यासकाने मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

या जिल्ह्यात ध्वनिमुद्रणाचा एक निराळा व अनुकरणीय आदर्शही उपलब्ध आहे. गी पॉइत्व्हॅं व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांच्या तांत्रिक साहाय्याने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली असे मुद्रण करण्यात आले. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव व तिच्या आयुष्याची माहिती टिपून ठेवण्याची पद्धत तेथे होती. सासुरवास, वैधव्य, लेकीची ताटातूट या मनोव्यथा जात्याच्या घरघरीसह, परंतु बोलणारीच्या ओळखीसह, तेथे सुरक्षित राहिल्या. कैरोच्या रचनेत जे गळाले ते माजलगावच्या मुद्रणात टिकले. आणि कैरोच्या रचनेने ध्वनीच्या अंतरंगात जो प्रवेश केला, तो मात्र या संग्रहाचा हेतू नव्हता. दोन्ही कामांचे स्वरूप भिन्न असून दोहोंचीही आवश्यकता आहे.

वाऱ्याच्या विधींचे मुद्रण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस यावरून काही गोष्टी सुचविता येतील. संबळीच्या पहिल्या थापेपासून वारे उतरून स्त्री पाणी मागेपर्यंतचा सर्व काळ मुद्रित व्हावा. रोमहर्षक भाग तेवढा निवडल्यास लयवाढीचा क्रमच हरवतो. कोणत्या तालबदलास शरीराने प्रतिसाद दिला याची वेळेसह नोंद असावी. विधी कोणी मांडला, खर्च कोणी केला, प्रश्न कोणी विचारले, हे लिहून ठेवावे. दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीस बाहेर पडणाऱ्या कुटुंबातील स्त्रीचे वारे आणि वर्षभर गावातच राहणाऱ्या घरातील स्त्रीचे वारे यांच्या मागण्यांत फरक पडतो काय, हा प्रश्न अशा नोंदींवाचून सुटणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काही दिवसांनी त्या स्त्रीस भेटून तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत घ्यावे, मुद्रण तिला ऐकवावे, आणि ते ठेवावयाचे की पुसावयाचे याचा निर्णय तिच्यावर सोपवावा. तिला वैद्यकीय मदतीची गरज दिसल्यास ती मिळवून देणे हे संशोधनाच्याही आधीचे कर्तव्य होय.

कैरोच्या त्या विधीत कोण स्त्रिया गात होत्या, त्यांतील आजारी कोण होती आणि तिला पुढे बरे वाटले की नाही, हे त्या दोन मिनिटांच्या ध्वनीवरून आज सांगता येत नाही. आपल्या जिल्ह्यातील मुद्रणांविषयी ऐंशी वर्षांनंतरच्या अभ्यासकावर असे म्हणण्याची पाळी येऊ नये, एवढी तजवीज आजच्या संशोधकास करता येण्याजोगी आहे.