‘रिझर्व्हला लागणे’

‘गाडी रिझर्व्हला लागली’ हा प्रयोग ‘नाव किनाऱ्याला लागली’ याच घडणीचा आहे. त्यावरून मोटारसायकलीस दुसरी, राखीव टाकी असावी असा समज होतो. वस्तुतः टाकी एकच असे. तिच्या तळाशी बसविलेल्या कॉकमध्ये एक उंच नळी व एक तळालगतचे छिद्र असे. पेट्रोल नळीच्या टोकाखाली उतरले की इंजिन आचके देई; कॉक फिरविला की उरलेले पेट्रोल छिद्रातून वाहू लागे. कॉक आधीपासूनच ‘रिझर्व्ह’वर राहिला असल्यास मात्र ही पूर्वसूचना मिळतच नसे, आणि गाडी ढकलणे प्राप्त होई. (प्रस्तुत लेखकास हा अनुभव आहे.) भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, फ्युएल इंजेक्शन रूढ झाले व बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून कॉक गेला. काट्याकडे पाहून लोक अद्याप ‘रिझर्व्हला लागली’ असेच म्हणतात.