धंदेवाईक कुस्तीचा वार्षिक उत्सव

कुस्ती आणि सण यांचें नातें आपल्याला नवें नाहीं. ग्रामदैवताची जत्रा आणि तिच्या जोडीला कुस्त्यांचा फड ही आपल्या देशावरील गांवोगांवची जुनी वहिवाट आहे. वर्षभर इतरत्र किती का कुस्त्या होईनात, जत्रेच्या मैदानांत शेवटची जोड कोणाची लागते याकडे साऱ्या पंचक्रोशीचें लक्ष असतें. अमेरिकेंतल्या धंदेवाईक कुस्तींतहि अशीच एक वार्षिक जत्रा निर्माण झाली. ही जत्रा कोणी सुरू केली, कोणाच्या रक्षणाकरितां सुरू केली आणि तिनेंच पुढें कोणाचा घास घेतला, ही हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ज्या कुस्तीविषयीं मी बोलत आहें तिचा निकाल आधीं ठरलेला असतो. आपल्याकडे अशा कुस्तीला लुटुपुटीची कुस्ती म्हणून नाक मुरडण्याची पद्धत आहे. पण मल्ल उंचावरून फळ्यांवर आदळतो तेव्हां त्याच्या पाठीला बसणारा तडाखा लुटुपुटीचा नसतो. नाटकांतल्या नटाला मरण खोटें येतें; या मल्लाला विजय तेवढा खोटा मिळतो, जखमा खऱ्याच होतात. ही विलक्षण कला कशी उपजली हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंत कुस्तीचा मान मोठा होता. ३ एप्रिल १९०८ रोजीं शिकागो येथें आयोवा प्रांताचा फ्रँक गॉच आणि ‘रशियन सिंह’ म्हणून गाजलेला जॉर्ज हॅकेनश्मिट यांची जगज्जेतेपदासाठीं गांठ पडली. दोन तास झुंजल्यावर हॅकेनश्मिटनें हार मान्य केली. ४ सप्टेंबर १९११ रोजीं त्याच शहरांत कोमिस्की पार्कवर दोघे पुन्हां भेटले, तेव्हां सुमारें ३० हजार लोक जमले होते. हॅकेनश्मिट दुखऱ्या गुडघ्यानें उतरला होता. तो लवकरच हरला आणि पैसे मोजून आलेल्या लोकांची घोर निराशा झाली. खऱ्या कुस्तीची हीच अडचण होती. ती कधीं तासन्‌तास हालत नाहीं, कधीं क्षणांत आटोपते, आणि दोन्ही वेळां तिकीट काढणारा हिरमुसला होऊन घरीं जातो.

निकाल संगनमतानें ठरविण्याची चाल त्यापूर्वींहि होती. १९२० नंतरच्या दशकांत एड लुईस हा मल्ल, बिली सँडो हा त्याचा व्यवस्थापक आणि टूट्स माँट हा कल्पक डावपेची, या तिघांनीं तिला धंद्याचें रूप दिलें. पगारी मल्लांचा ताफा बाळगावयाचा, कुस्तीला वेळेची मर्यादा घालावयाची आणि एका गांवच्या निकालांतून पुढच्या गांवची उत्सुकता निर्माण करावयाची, ही त्यांची रीत. पुढें १९४८ सालीं आयोवा प्रांतांतील वॉटर्लू येथें कुस्तीच्या कांहीं ठेकेदारांनीं राष्ट्रीय कुस्ती संघ स्थापन केला. प्रत्येक ठेकेदाराचा मुलूख ठरलेला, दुसऱ्यानें त्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि सर्वांचा मिळून एकच विजेता वर्षभर मुलखामुलखांतून हिंडत राहावयाचा, अशी व्यवस्था पडली. लू थेझसारखा खराखुरा कसबी मल्ल पुष्कळ वर्षें असा विजेता होता. संघाच्या मक्तेदारीवर १९५६ सालीं सरकारी न्यायखात्याची कारवाईहि झाली. तरी मुलखांची वांटणी पुढें पाव शतकाहून अधिक काळ टिकून राहिली.

ही व्यवस्था सोज्वळ होती असें म्हणतां येणार नाहीं. पण तिचा एक गुण होता. प्रत्येक मुलखाचे मल्ल तेथल्या लोकांना घरच्यासारखे ठाऊक असत. उत्तर व दक्षिण कॅरोलायना आणि व्हर्जिनिया हा क्रॉकेट घराण्याचा मुलूख. तेथें नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला मोठ्या कुस्त्या ठेवण्याची पुष्कळ वर्षांची प्रथा होती. दुपारीं कुटुंबासह जेवावयाचें आणि रात्रीं कुस्त्यांना जावयाचें, असा अनेक घरांचा क्रमच होऊन बसला होता. अमेरिकेंतील वार्षिक महाकुस्त्यांचें मूळ या गांवजत्रेंत आहे.

२४ नोव्हेंबर १९८३ रोजीं जिम क्रॉकेट यानें ग्रीन्सबरो शहरांत याच सणाच्या कुस्त्या ‘स्टारकेड’ या नांवानें भरविल्या. या कल्पनेचें श्रेय डस्टी रोड्स या मल्लाला देतात. रोड्स हा नळकाम करणाऱ्याचा मुलगा. आपल्या प्रेक्षकाची नाडी त्याला अचूक कळे. या रात्रीची तयारी कित्येक महिने चालली होती. जूनमध्यें हार्ली रेस यानें रिक फ्लेअरकडून विजेतेपदाचा पट्टा जिंकला. मग फ्लेअरला जायबंदी करणारास २५ हजार डॉलर देण्याची घोषणा रेसनें केली. दोघां मल्लांनीं तें इनाम कमावलें. फ्लेअर आतां निवृत्त होणार अशी हूल उठली. आणि शेवटीं पोलादी पिंजऱ्यांत रेसला हरवून त्यानें पट्टा परत मिळविला. पंधरा हजारांवर लोक समोर होते. शिवाय दक्षिणेकडील अनेक शहरांत तारेनें चित्र नेऊन, मोठ्या सभागृहांतील पडद्यांवर तिकीट लावून, हा सामना त्याच क्षणीं दाखविण्यांत आला. त्याच रात्रीं गळ्यांत पट्टे घालून एकाच सांखळीनें जखडलेले रॉडी पायपर व ग्रेग व्हॅलेंटाईन लढले, आणि पायपरच्या एका कानाची श्रवणशक्ति कायमची अधू झाली. निकाल ठरलेला होता. कान मात्र खराच गेला.

स्टारकेडपूर्वीं मोठे सामने झाले नव्हते असें नाहीं. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर १९७२, १९७६ व १९८० सालीं असे मेळावे झाले होते. पण ते प्रसंगोपात्त होते. स्टारकेडनें दिलेली नवी गोष्ट म्हणजे दरसालची ठरलेली तिथि. वर्षभरांतलीं सारीं वैरें, सारे अपमान आणि साऱ्या प्रतिज्ञा त्या एका रात्रीकडे वाहत जाव्या, ही योजना खरोखर एका कथाकाराची आहे. धंदेवाईक कुस्तीच्या कथेला मूळचा शेवटच नव्हता. आज हरलेला उद्यां दुसऱ्या गांवीं पुन्हां लढणारच. वार्षिक उत्सवानें तिला शेवट दिला, आणि दुसऱ्याच दिवशीं नवा आरंभहि दिला.

इकडे उत्तरेंत निराळेंच वारें वाहत होतें. न्यूयॉर्क व भोंवतालचा प्रदेश हा मॅकमहन घराण्याचा मुलूख. १९८२ सालीं मुलानें, म्हणजे धाकट्या व्हिन्सेंट मॅकमहननें, बापाकडून धंदा विकत घेतला आणि मुलखांच्या शिवा पाळण्याचें बापाचें व्रत सोडून दिलें. इतर ठेकेदारांचे नामांकित मल्ल त्यानें अधिक पैसे देऊन ओढले, त्यांच्या गांवच्या दूरचित्रवाणीवरील वेळा विकत घेतल्या. ३१ मार्च १९८५ रोजीं मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथें त्यानें पहिली ‘रेसलमेनिया’ भरविली. अखेरच्या कुस्तींत हल्क होगनचा जोडीदार मिस्टर टी हा नट होता, समोर तोच पायपर व पॉल ऑर्नडॉर्फ. पंचांमध्यें महंमद अली, वेळाधिकारी म्हणून पियानोवादक लिबराची, आणि मल्लांच्या गोटांत गायिका सिंडी लॉपर. सभागृहांत १९ हजारांवर लोक होते. तारेवरून पाहणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेल्याचें सांगतात.

दोन उत्सवांतला फरक पाहण्यासारखा आहे. स्टारकेडला येणारा मनुष्य आपल्या ओळखीच्या मल्लांचा वर्षभराचा हिशेब चुकता होतांना पाहावयास येई. ज्याला कुस्ती ठाऊकच नाहीं त्यालाहि रेसलमेनियानें बोलावणें धाडलें. २९ मार्च १९८७ रोजीं मिशिगनमधील पाँटियाक येथें तिसरी रेसलमेनिया झाली. संस्थेनें ९३,१७३ प्रेक्षकांचा आंकडा जाहीर केला. तो फुगविलेला आहे असें जाणकारांचें मत आहे. आंकडा कांहींहि असो, त्या रात्रींचें दृश्य विसरण्यासारखें नाहीं. आंद्रे हा फ्रान्सचा महाकाय मल्ल पाठीच्या असह्य दुखण्यानें जर्जर झाला होता. होगननें त्याला उचलून आपटलें तेव्हां लोकांनीं होगनच्या बळाचा जयजयकार केला. तो देह दुसऱ्याला उचलूं देण्यांत आंद्रेनें काय सोसलें, हें फार थोड्यांना ठाऊक होतें. पुढें सहा वर्षांच्या आंत, जानेवारी १९९३ मध्यें तो मरण पावला.

त्याच वर्षीं म्हणजे १९८७ च्या नोव्हेंबरांत निर्णायक गांठ पडली, आणि ती तारखेवरून पडली. क्रॉकेटला आतां सारा देश जिंकावयाचा होता. त्यानें स्टारकेड आपल्या प्रेक्षकांमधून उचलून शिकागोला नेलें आणि प्रथमच घरोघरीं तारेवरून पैसे आकारून दाखविण्याचें ठरविलें. मॅकमहननें त्याच सणाच्या दिवशीं ‘सर्व्हायव्हर सीरिज’ नांवाचा नवाच उत्सव ओहायो प्रांतांत उभा केला, आणि तारकंपन्यांना बजावलें कीं क्रॉकेटचा कार्यक्रम दाखवाल तर पुढची रेसलमेनिया मिळणार नाहीं. बहुतेक कंपन्या मॅकमहनकडे गेल्या. पुढच्या मार्चमध्यें चौथ्या रेसलमेनियाच्याच वेळीं क्रॉकेटनें आपल्या कुस्त्या फुकट दाखवून उट्टें काढण्याचा यत्न केला, आणि त्या दिवशीं फ्लेअर व स्टिंग ४५ मिनिटें झुंजून बरोबरींत सुटले ती कुस्ती आजहि नांवाजली जाते. पण पैशाचें गणित सुटलें नाहीं. १९८८ अखेर क्रॉकेटला धंदा टेड टर्नर यास विकावा लागला. सणाची तिथि गेली. स्टारकेड डिसेंबरांत ढकललें गेलें. २००० च्या डिसेंबरांत त्या मालिकेंतील शेवटचें स्टारकेड झालें, आणि २००१ च्या मार्चमध्यें तें नांवहि मॅकमहनच्या मालकीचें झालें.

मुलूख पद्धतीचा बचाव करण्याकरितां तिच्यांतल्याच एका ठेकेदारानें काढलेलें शस्त्र असें तिच्यावरच उलटलें. यांत सारा दोष एकाचाच होता असें मात्र मला वाटत नाहीं. गांवचा उत्सव गांवाबाहेर नेण्याचा मोह क्रॉकेटलाहि आवरला नाहीं.

आणि मल्लांचें काय झालें? मुलखांच्या काळांत एका ठेकेदाराशीं बिनसलें तर मल्ल दुसऱ्या मुलखांत जाऊं शके. मुलूख गेले तशी ही वाटहि अरुंद झाली. १९८६ सालीं दुसऱ्या रेसलमेनियाच्या सुमारास जेसी व्हेंचुरा यानें मल्लांनीं आपली संघटना करावी अशी गोष्ट काढली. ती मालकाच्या कानीं पोहोंचली व बारगळली. ती होगननें पोहोंचविली असें पुढें एका दाव्यांत मॅकमहनच्या शपथेवरील जबानींत उघड झालें. व्हेंचुरा नंतर मिनेसोटा प्रांताचा गव्हर्नर झाला. मल्लांची संघटना अजून झालेली नाहीं. १९८९ सालीं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढें मॅकमहनच्या संस्थेनें आपला धंदा ही स्पर्धा नसून करमणूक आहे असें कबूल केलें. हेतु सरकारी नियंत्रणांतून सुटण्याचा होता. जें गुपित तीन पिढ्यांनीं जिवापाड जपलें तें अशा रीतीनें कराच्या हिशेबांत उघड झालें, आणि गंमत अशी कीं, प्रेक्षकांनीं पाठ फिरविली नाहीं.

या उत्सवाचीं इतर देशांतलीं भावंडेंहि पाहिलीं पाहिजेत. मेक्सिकोंत साल्वादोर लुत्तेरोथ यानें सप्टेंबर १९३३ मध्यें काढलेल्या संस्थेचा वर्धापनदिन पुढच्या वर्षापासून मोठ्या कुस्त्यांनीं साजरा होत आला आहे. वयानें तोच वडील. तेथें मुखवट्याला मोठा मान असतो, आणि वर्धापनदिनीं कित्येकदां मुखवटाच पणाला लागतो. हरलेल्यानें तो काढून आपलें खरें नांव लोकांना सांगावयाचें. जपानांत अँटोनिओ इनोकीनें १९७२ सालीं स्थापिलेली संस्था १९९२ पासून दर ४ जानेवारीला टोकियो डोममध्यें कुस्त्या भरवीत आली आहे. तेथें तो नव्या वर्षाचाच एक विधि होऊन बसला आहे. दोन्हीकडे तिथि लोकांच्या पंचांगांत रुजलेली आहे, आणि म्हणूनच ती टिकली आहे.

आपलाहि या विद्येशीं संबंध आहे. दारासिंग व किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनीं मुंबईकरांना एके काळीं वेड लावलें होतें. वर उल्लेखिलेल्या लू थेझला दारासिंगनें हरविलें तें मुंबईंतच, १९६८ सालीं. पुढें १९९० नंतर घरोघरीं तारेवरून दूरचित्रवाणी आली, आणि होगन व त्याचे सोबती शाळकरी मुलांच्या पत्त्यांच्या डावांतहि दाखल झाले.

आज रेसलमेनिया २०२० पासून दोन रात्रींची झाली आहे आणि ती आपल्याकडे यावी म्हणून शहरें चढाओढ करतात. २०२० सालीं साथीमुळें ती रिकाम्या सभागृहांत करावी लागली. प्रेक्षकाच्या आरोळीवांचून हा खेळ किती पोरका आहे हें तेव्हां साऱ्यांस दिसलें. परंतु या प्रचंड उत्सवाच्या आसपास अलीकडे एक नवी गोष्ट घडूं लागली आहे. ज्या शहरीं रेसलमेनिया असेल तेथें त्याच आठवड्यांत लहान लहान संस्था भाड्याच्या सभागृहांतून आपल्या कुस्त्या लावतात. देशोदेशींचे नवे मल्ल येतात, शेंकडा-दोनशें लोकांसमोर जीव तोडून लढतात, आणि प्रेक्षक एका फडावरून उठून दुसऱ्या फडावर जातात. मोठ्या देवळाभोंवतीं पालें पडावींत तसें तें दिसतें. मुलूख पुन्हां येणार नाहींत. पण आपल्या मल्लाला जवळून पाहण्याची, त्याला नांवानें हांक मारण्याची जी भूक ग्रीन्सबरोच्या सणाला लोक घेऊन येत, ती भागविण्याचें काम आतां या लहान फडांनीं अंगावर घेतलें आहे.